‘लेबर’ची वही



२०२३ सालच्या गांधीजयंतीची गोष्ट. दुपारी कचेरीतून ह्यांचा फोन आला, “झालं एकदाचं लेबर फाइल!” इथं एडिसनला दुपार म्हणजे तिकडे रात्र, याचंही मला भान राहिलं नाही. मिरजेला आईला फोन लावला आणि म्हटलं, “आई, आमचं लेबर सुरू झालं गं!” पलीकडे क्षणभर शांतता. मग घाबराघुबरा आवाज, “अगं बाई! कितवा महिना? आणि आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?”

आज आठवलं की हसू येतं. पण खरं सांगू, बाळंतपणाचे दिवस मोजता तरी येतात. या लेबरचे दिवस कधी भरतील ते भल्याभल्यांना सांगता येत नाही.

मध्यंतरी साताऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलं. लेक-जावई टेक्सासला असतात. “मुलगी सारखी ‘लेबर अडकलंय’ म्हणते, चिडचिड करते, विचारलं तर ‘तुला नाही कळायचं’ म्हणते. हे आहे तरी काय?” ताई, न कळण्यासारखं त्यात काही नाही. आजचं लिखाण तुमच्यासाठी आणि तुमच्या लेकीसाठी.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी. नोकरीच्या वाटेने ती मिळवायची, तर बहुतेकांना पहिली पायरी लागते ती तिथल्या कामगार खात्याच्या दाखल्याची. ‘या जागेसाठी लायक आणि तयार असा इथला माणूस मिळाला नाही, आणि परक्या माणसाला नेमल्याने इथल्यांच्या पगाराला धक्का बसत नाही,’ असा तो दाखला. बोलीभाषेत त्यालाच लेबर म्हणतात. हा अर्ज आपल्या नवऱ्याचा नसतो बरं का, तो कंपनीचा असतो. ही एक गोष्ट मनात पक्की धरा. तिचं महत्त्व पुढे सांगते.

अर्जाआधीच बरीच तयारी असते. आधी कंपनी सरकारकडून त्या कामाचा त्या गावातला चालू पगार ठरवून घेते. त्यालाच कित्येक महिने लागतात. मग जाहिराती. वर्तमानपत्रात दोन रविवारी, राज्याच्या रोजगार कचेरीत तीस दिवस, कामाच्या जागी सलग दहा कामकाजाचे दिवस सूचना, आणि शिकलेल्यांच्या नोकरीसाठी आणखी तीन तऱ्हांनी. आपल्याच नवऱ्याच्या जागेची जाहिरात रविवारच्या पेपरात वाचताना पोटात कसं कालवतं, ते मी अनुभवलंय. हे मात्र शांतच. म्हणाले, “ज्यांचा देश त्यांना आधी विचारायला नको का?” तेही खरंच. जाहिरातींना तीस दिवस उलटल्यावर, पण एकशेऐंशी दिवसांच्या आत अर्ज जावा लागतो.

अर्ज गेला की नंबर मिळतो, आणि तिथून वाट पाहणं सुरू. तो नंबर वाचायला शिका. २०२३ च्या जूनपासूनच्या अर्जांचा नंबर ‘जी-१००’ने सुरू होतो. त्यापुढच्या पाच आकड्यांत तारीख दडलेली असते. आमचे आकडे होते २३२७५. पहिले दोन म्हणजे साल २०२३, पुढचे तीन म्हणजे त्या वर्षाचा दोनशे पंचाहत्तरावा दिवस. कॅलेंडर घेऊन मोजा, २ ऑक्टोबर येतो.

ही तारीख जिवापाड जपायची. आपण गिरणीत दळणाचा डबा रांगेत ठेवतो ना, तशीच ही डबा ठेवल्याची तारीख. पुढची सगळी रांग तिच्यावरून धरतात.

नंबर हाती असला, की कामगार खात्याच्या ‘फ्लॅग’ नावाच्या संकेतस्थळावर तो टाकून अर्ज कुठवर आला ते कुणालाही पाहता येतं. काही कंपन्या नंबर द्यायला कां-कूं करतात. ह्यांना नीट विनंती करायला सांगा, भांडायला नको. त्याच संकेतस्थळावर दर महिन्याला एक तक्ता निघतो. सध्या कोणत्या महिन्यातले अर्ज हाताळताहेत आणि सरासरी किती दिवस लागताहेत, ते त्यात असतं. २०२५ मध्ये ही सरासरी सव्वा वर्षाच्याही पुढे गेली होती. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं, तेव्हा ते संकेतस्थळच जवळजवळ महिनाभर बंद होतं. तेव्हा नुसते दिवस मोजू नका, तक्त्यातला महिना आपल्या महिन्याजवळ कितपत सरकला ते पाहा.

मी सुरुवातीला दिवसातून चारदा नंबर टाकून बघायची. दूध उतू जायचं, पोळी करपायची, आणि ‘विचाराधीन’ हा शब्द काही बदलायचा नाही. शेवटी नियम केला, महिन्यातून एकदा, संकष्टीला बघायचं. उपास सोडायच्या आत वहीत नोंद करायची आणि विषय बंद. संसारात शांतता आली.

आता माझी चूक सांगते. तुमच्यापैकी कुणाची होऊ नये म्हणून सांगते.

जून २०२४ मध्ये बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी बॅग काढली. एक परिचित बाई म्हणाल्या, “लेबर चालू असताना देश सोडू नका हं, सगळं रद्द होतं.” मी घाबरले. वकिलाला विचारलं नाही, ह्यांनाही धड विचारू दिलं नाही, आणि गेले नाही. ऑपरेशन नीट पार पडलं. बाबा फोनवर म्हणायचे, “तुझं काम होऊ दे आधी, मी कुठे जातोय?” नोव्हेंबरात ते गेले. तिकीट काढताना ह्यांनी वकिलाला फोन केला, तर तो म्हणाला, “अर्ज कंपनीचा आहे. तुमच्या बायकोच्या भारतात जाण्याचा त्याच्याशी काय संबंध? परत येण्यासाठी व्हिसाचा शिक्का चालू आहे ना, एवढंच बघा.” माझ्या पासपोर्टावरचा शिक्का २०२५ पर्यंतचा होता. म्हणजे जूनमध्येही मला जाता आलं असतं. मी पोचले ती दिवसकार्याला.

म्हणून म्हणते, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. शंका आली तर वकिलाला लेखी विचारा, उत्तर वहीत चिकटवून ठेवा.

ही वही प्रत्येकीने करावी. शंभर पानी पुरते. तिच्यात काय काय हवं ते लिहून घ्या:

अर्जाचा नंबर आणि तारीख पहिल्या पानावर.

एच-वन व्हिसाची सहा वर्षं कधी संपतात ती तारीख लाल शाईने. सहावं वर्ष संपण्याच्या निदान ३६५ दिवस आधी लेबरचा अर्ज गेलेला असला, तर पुढे एकेक वर्षाची मुदतवाढ मागता येते. कंपनी ‘बघू, करू’ म्हणत असेल, तर ही तारीख ह्यांच्यापुढे ठेवा.

जुन्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं. पुण्यातली जुनी कंपनी बंद पडली, साहेब निवृत्त झाले, मग पत्र आणायचं कुठून? आजच मागवा. कंपनीला तपासणीचं पत्र आलं, तर उत्तराला तीसच दिवस मिळतात.

पैशाचं पान. लेबरचा खर्च आणि त्यासाठीची वकिलाची फी कंपनीनेच द्यायची, पगारातून कापायची नाही, असा नियम २००७ पासून आहे. कुणी मागत असेल तर सावध व्हा.

आणि दाखल्याची मुदत. लेबर मंजूर झालं की १८० दिवसांच्या आत कंपनीने पुढचा, १४० नंबरचा अर्ज केला पाहिजे. नाहीतर दाखला फुकट जातो.

१४० मंजूर होईपर्यंत नोकरी बदलण्याचा विचार दहादा करा. त्याआधी नोकरी सोडली किंवा सुटली, तर नव्या कंपनीला सारं पहिल्यापासून करावं लागतं आणि आपली तारीखही जाते. मंजूर झाल्यावर बदलली, तर लेबर पुन्हा करावं लागतं, पण जुनी तारीख साधारणपणे टिकते. नोकरी गेलीच, तर एच-वनवाल्यांना फार तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यापुरती शिल्लक घरात असू द्या. वाट पाहण्याच्या काळात नवा सोफा नको, नवं घर तर नकोच.

आमचं लेबर फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झालं, मार्चमध्ये १४० ही. म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं असं नव्हे हं! एका देशाला वर्षाच्या कार्डांपैकी सात टक्क्यांची मर्यादा, आणि रांगेत आपली माणसं अमाप. २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या मुख्य रांगांत २०१३ सालच्या तारखा चालू होत्या. आमची २०२३ ची. मुलं एकवीस वर्षांची होईपर्यंत नंबर लागेल का, हा घोर अनेक आयांना असतो.

मग मिळालं काय? एक मोठी गोष्ट मिळाली. एच-वनवाल्याचं १४० मंजूर असेल, तर त्याच्या बायकोला नोकरीची परवानगी मागता येते. ही सोय २०१५ पासूनची. सहा वर्षं बी. ए. ची पदवी ट्रंकेत ठेवून मी पोळ्या लाटल्या. पोळ्या लाटण्यात कमीपणा नाही, पण दार बाहेरून बंद असणं वेगळं. ऑगस्टमध्ये परवानगी आली, आणि आता लहान मुलांच्या शाळेत मी अर्धा दिवस शिकवते. पहिल्या पगारातून आईचं तिकीट काढलं.

साताऱ्याच्या ताई, लेकीला एवढंच सांगा: नंबर वहीत लिही, महिन्यातून एकदा बघ, आणि बाकीचे दिवस जग. घरी कुणाचं दुखलं-खुपलं तर आधी वकिलाला विचार, पण माझ्यासारखी बसून राहू नकोस. आणि ताई, तुम्हीही फोनवर ‘झालं का?’ असं विचारू नका. ‘जेवलीस का?’ विचारा.

तुमच्या शंका जरूर कळवा. पुढच्या वेळी, तिकडे जाणाऱ्या आईने औषधं नि मसाले सामानात कसे भरावेत, ते पाहू.