निदानानंतर

शाळांच्या स्मरणिकांत माजी विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद असते आणि ती असायलाच हवी. ज्या घरांत अक्षरओळख नव्हती त्या घरांतील मुले तहसीलदार झाली, डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली, हे छापील पानावर वाचताना ऊर भरून येतो. परंतु याच पिढ्यांतील काही मुले अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातून अचानक घरी परतली. काहींनी लागलेली नोकरी सोडली. काही मुली बाळंतपणानंतर महिनोन्महिने कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांच्याविषयी आपण दबक्या आवाजात बोलतो. ‘अभ्यासाचे टेन्शन घेतले’, ‘डोके जरा फिरले’, एवढ्यावर विषय मिटतो. हा लेख त्यांच्यापैकी अशांविषयी आहे, ज्यांना डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आहे आणि ज्यांच्या घरात आता ‘पुढे काय?’ हा प्रश्न उभा आहे.

निदानापर्यंत पोहोचणे हीच मुळात मोठी मजल आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे साडेदहा टक्के प्रौढांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांबाहेर होते. आपल्याकडे तर दीक्षा घेतलेल्या घरांतूनही अजून आधी देवऋषी गाठला जातो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले वडील मुलीला गुपचूप अंगारा लावून आणतात, कारण तिच्या लग्नाची काळजी त्यांना झोपू देत नाही. त्यांना हसण्याचा अधिकार कुणाला नाही. पण त्या फेऱ्यांत जी दोन-तीन वर्षे जातात, ती त्या मुलीच्या आयुष्यातून वजा होतात.

समजा, हे सारे ओलांडून कुणी जिल्हा रुग्णालयात पोहोचले. केसपेपर निघाला, डॉक्टरांनी तपासले, नैराश्य किंवा चिंताविकार असे नाव सांगितले, गोळ्या लिहून दिल्या, पुढची तारीख दिली. बाहेर रांग असते; डॉक्टरांच्या हातात प्रत्येक रुग्णासाठी काही मिनिटेच असतात. गोळ्यांचा परिणाम दिसू लागायला काही आठवडे लागतात. मग झोप येऊ लागते, जेवण जाऊ लागते आणि घरचे म्हणतात, ‘झाले बरे.’ गोळ्या परस्पर बंद होतात, तारीख चुकते आणि काही महिन्यांनी सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मनोविकारतज्ज्ञ बहुधा बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात, ते उगाच नव्हे.

औषधाबरोबर आणखी एक उपचार असतो, हे मात्र अनेक घरांना कुणी सांगितलेलेच नसते. प्रशिक्षित तज्ज्ञासमोर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, पाऊण तास बसून बोलणे आणि हे आठवड्यामागून आठवडे करणे, याला थेरपी म्हणतात. ‘गोळ्या दिल्यात ना, मग नुसते बोलायला पैसे कशाला मोजायचे?’ हा प्रश्न मी अनेक सुशिक्षितांच्याही तोंडून ऐकला आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे.

तिथे नुसते बोलणे नसते. पहिली दोन-तीन सत्रे तज्ज्ञ माहिती घेतो: झोप, भूक, घर, नोकरी, आधी असे कधी झाले होते का, जीव नकोसा वाटतो का. मग दोघे मिळून कामाला लागतात. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या बोधनिष्ठ उपचारपद्धतीत रुग्णाला घरचा अभ्यासही असतो. मन खाली गेले तेव्हा नेमका कोणता विचार आला, तो वहीत लिहायचा. त्याच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा पुरावा मांडायचा. दिवसात एखादे छोटे काम ठरवून पार पाडायचे. सर्वसाधारण नैराश्यात अशी बारा ते वीस सत्रे लागू शकतात. आजार बदलला की थेरपीचे कामही बदलते. द्विध्रुवीय विकारात किंवा स्किझोफ्रेनियात औषध हाच मुख्य आधार असतो. तिथे थेरपी औषधाची जागा घेत नाही. झोप कमी होऊ लागणे यांसारख्या पूर्वखुणा वेळीच ओळखायला ती रुग्णाला आणि कुटुंबाला शिकवते. आणि सारे लाभ नियमितपणावर उभे असतात. दोन सत्रे करून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणे, हे बाराखडी संपण्याआधी शाळा सोडण्यासारखे आहे.

आपल्या समाजातून यावर पहिला आक्षेप येतो तो श्रद्धेच्या अंगाने. ‘आपल्याकडे धम्म आहे, आनापान आहे, विपश्यना आहे, मग डॉक्टर कशाला?’ मनाचे दुःख हा तथागतांच्या चिंतनाचा गाभा आहे, यात शंका नाही. अंगुत्तर निकायात रोगांचे दोन प्रकार सांगितले आहेत, शरीराचे आणि चित्ताचे. आणि चित्ताच्या रोगापासून क्षणभरही मुक्त असलेली माणसे क्षीणास्रव वगळता दुर्मीळ, असे तिथे म्हटले आहे. परंतु स्वतः तथागतांनी जीवक वैद्याकडून औषध घेतले, ही नोंदही विनयपिटकातच आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीसह आचार्य गोएंकांच्या परंपरेतील विपश्यना केंद्रे प्रवेशअर्जातच मानसिक आजाराविषयी विचारतात आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिराची शिफारस करत नाहीत. ध्यान शिकवणारेच जिथे इतके सावध आहेत, तिथे आपण तीव्र नैराश्यातील मुलाला दहा दिवसांच्या मौनात पाठवून मोकळे होणे, हे धम्माला धरून नाही. सजगतेवर आधारलेली थेरपी आज जगभर वापरली जाते. पण तीही मुळात, नैराश्यातून सावरलेल्यांना ते पुन्हा होऊ नये म्हणून घडवली गेली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये तथागतांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. चांगला थेरपिस्टही वाटच दाखवतो; चालायचे आपणच असते.

या संदर्भात विनयपिटकातील गग्ग भिक्खूची कथा आपल्या धम्मवर्गांत फारशी सांगितली जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. गग्ग उन्मत्त झाला होता. उपोसथाच्या दिवशी त्याला कधी उपोसथाची आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. उपोसथाला तर संघ समग्र असावा लागतो. भिक्खूंना प्रश्न पडला. तथागतांनी गग्गाला संघाबाहेर काढायला सांगितले नाही आणि त्याला ओढून आणायलाही सांगितले नाही. संघाने रीतसर ठराव करावा, गग्गाला उन्मत्त म्हणून संमती द्यावी आणि तो आठवो न आठवो, येवो न येवो, त्याच्यासह किंवा त्याच्याविना उपोसथ करावा, असे त्यांनी सांगितले. कथा इथे संपत नाही. गग्ग बरा झाल्यावर काही भिक्खू त्याला वेडाच्या काळातील वागण्यावरून दोष देऊ लागले. ‘ते मी भ्रमात केले, मला आठवत नाही,’ असे तो सांगत राहिला, तरी त्यांचे बोलणे थांबेना. तेव्हा ‘अमूढविनय’ घालून दिला गेला. आता हा शुद्धीवर आहे. भ्रमात घडलेल्या गोष्टींचा दोष त्याच्यावर लावायचा नाही, असा संघाचा निर्णय.

दोन हजार वर्षांहून जुने हे नियम आजच्या एखाद्या कार्यालयाच्या नियमावलीहून अधिक माणुसकीचे आहेत. आजारी माणसाचे सभासदत्व शाबूत ठेवायचे, त्याच्या अनुपस्थितीसाठी व्यवस्था करायची आणि तो परतल्यावर टोमणे थांबवण्याची जबाबदारी समूहाने उचलायची. त्या मुलाने वसतिगृहात एकदा ताट फेकले होते, हे आपण पंधरा वर्षांनीही स्नेहमेळाव्यात हसत सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीतून येतो. ‘दुःख आमच्या डोक्यात नाही, व्यवस्थेत आहे. थेरपी म्हणजे पीडितालाच दुरुस्त करणे.’ २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले. त्या मृत्यूंचा विषय ‘नैराश्य’ एवढ्या शब्दात संपवणे हा अन्यायच ठरला असता, आणि त्याविरुद्ध उठलेला आवाज योग्य होता. पण या आक्षेपातून ‘म्हणून उपचार नको’ असा निष्कर्ष काढला की मी थांबतो. लाठीने पाय मोडला तर मारणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो आणि पायाला प्लास्टरही घातले जाते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत प्लास्टर थांबवून ठेवा, असे कुणी म्हणत नाही. १९१७ मध्ये बडोद्यात पारशांच्या उतारशाळेतून बाबासाहेबांना काठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी लिहिले आहे की अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की त्यांचे डोळे भरून येतात. महाडचा संग्राम, गोलमेज परिषद, सारे मधे होऊन गेले होते आणि तरी ती जखम ओली होती. अपमान मनात किती काळ राहतो, याचा याहून मोठा साक्षीदार कोण? ‘बाबासाहेबांची लेकरे रडत नाहीत’ असे मुलांना बजावणाऱ्यांनी ते पान उघडून पाहावे.

मी स्वतः गेली काही वर्षे थेरपी घेतो. ही गोष्ट इथे लिहिण्याचे कारण एवढेच की पुढचा मुद्दा ऐकीव नाही. मला भेटलेल्या पहिल्या समुपदेशकांनी दुसऱ्याच सत्रात विचारले, ‘तुम्हाला तर आरक्षणातून नोकरी मिळाली, मग ताण कसला?’ पुढचा पाऊण तास मी माझे दुःख सांगण्याऐवजी घटनेची कलमे समजावत बसलो. दुसऱ्या थेरपिस्टबाई आपल्या समाजातील नाहीत. पण भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगायला जीभ का अडखळते, हे त्यांना स्पष्ट करावे लागले नाही. त्यांनी ते ऐकले, लिहून घेतले आणि आधी तिथूनच सुरुवात केली. थेरपिस्ट बदलता येतो. त्याचे शिक्षण विचारणे हा उद्धटपणा नव्हे: चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारावी. जातीच्या अनुभवांविषयी बोलता येईल का, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. उत्तर देताना समोरचा माणूस कसा अवघडतो किंवा अवघडत नाही, त्यावरून पुष्कळ कळते.

आता पैशांचे. शहरात खासगी सत्राला काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत मोजावे लागतात, आणि हे दर आठवड्याला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्याच पायावर धरायला सांगितले आहे. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचा खर्च देतात, सत्राची फी खिशातूनच जाते. शासनाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात समुपदेशनाची सोय असायला हवी. ती आहे का, कोणत्या वारी आहे, हे जाऊन विचारावे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता, मन अगदी कोसळलेले असताना, तो हाताशी असावा. दर आठवड्याच्या सत्राची जागा मात्र तो भरून काढत नाही. नोकरीत कळेल या भीतीने जे जात नाहीत त्यांच्यासाठी: याच कायद्याने आजाराच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

आपल्या शाळेला यात करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला नवी इमारत लागत नाही. ज्या मुलाला गुरुवारी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे आहे, त्याला दर गुरुवारी नव्याने अर्ज करायला लावू नये. सत्र संपेपर्यंतची रजा एकदाच मंजूर करावी. वंदनेनंतर सर्वांदेखत त्याचे नाव पुकारू नये. त्याच्या गोळ्या अधीक्षकांच्या खोलीत असाव्यात, पण ‘वेड्याच्या गोळ्या’ म्हणून त्यांचा उल्लेख करणाऱ्या मोठ्या मुलांना तिथेच थांबवावे. पालकांना बोलावून निदान सांगताना मुलाला बाहेर उभे करू नये. त्याच्याचविषयी बोलणे चालले आहे, त्याला आत बसू द्यावे.

आणि माजी विद्यार्थी संघाला एक प्रस्ताव. दरवर्षी आपण गुणवंतांच्या सत्कारासाठी निधी गोळा करतो. त्यातला काही भाग वेगळा काढून त्यातून आजी-माजी विद्यार्थ्यांच्या सत्रांची फी आणि एस.टी.चे भाडे द्यावे. अर्जदाराचे नाव फक्त एका व्यक्तीला ठाऊक असावे आणि ती व्यक्ती कार्यकारिणीतील नसावी. समितीपुढे केवळ पावत्यांची संख्या आणि रक्कम यावी. किमान बारा सत्रे सलग भागतील एवढी तरतूद एका माणसामागे असावी. तीन सत्रांपुरती मदत करून मधेच हात काढून घेण्यात अर्थ नाही. पुढच्या स्नेहमेळाव्याच्या विषयपत्रिकेत हा ठराव घ्यावा, अशी माझी सूचना मी संघाच्या सचिवांकडे लेखी दिली आहे.