डिस्चार्ज कार्डाच्या पुढे कोण?

माझा धाकटा भाऊ बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथवर होता. पाच वर्षांत कारखाना तोच राहिला, ठेकेदार तीन बदलले. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. निदान झालं: स्किझोफ्रेनिया.

मानसोपचाराची ओपीडी एकीकडे, ईएसआयचं काम दुसरीकडे, अपंगत्वाचा दाखला तिसरीकडे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. प्रत्येक खिडकीवर त्याचा आजार पहिल्यापासून मीच सांगायचा, कारण फॉर्म भरता येणारा घरातला पहिला पदवीधर मी. आई म्हणते, "शिकलास म्हणून निभावलं." मला अभिमान नाही, राग येतो. ज्या घरात कुणीच शिकलेलं नाही, त्यांनी काय करायचं?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली कामगार आरोग्य विम्याची योजना आखायचं काम अदारकरांकडे दिलं गेलं. त्यातून १९४८चा ईएसआय कायदा आला. आज ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. ९१ दिवसांनंतरही ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. अट एकच नाही, पण मोठी अट दोन वर्षांच्या सलग विमापात्र नोकरीची. ठेकेदार बदलला की भावाला नवा विमा क्रमांक. पाच वर्षांचा घाम कागदावर आठ महिन्यांचा झाला. ठेक्यावर कोणत्या वस्तीतली पोरं असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९८ म्हणतं, रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी रुग्ण, घरचे आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी बोलून पुढची सोय ठरवावी. आम्हाला मिळालं एक कार्ड: 'महिन्याने या.' निम्हान्स ज्या शहरात आहे तिथली ही गत. याच निम्हान्सने १९८०च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात गावपातळीवर उपचार नेऊन दाखवले होते. म्हणजे जमत नाही असं नाही.

"कुटुंब हीच आपली ताकद" असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर: बिनपगारी, न विचारता लादलेल्या कामाला आमच्याकडे वेठ म्हणतात. ती संपवायला आपली माणसं लढली.

म्हणून मागणी साधी आहे. औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक ईएसआय रुग्णालयात पगारी समन्वयक हवा. लेखी योजनेशिवाय डिस्चार्ज नको. ठेकेदार बदलला तरी नोकरी सलग धरा.

आणि मित्रांनो, तुमच्या घरी ही वेळ आली तर कलम ९८ लेखी मागा. शेजारच्या न शिकलेल्या घरासाठीही मागा.

जय भीम.