जुना ॲक्सल, नवा मोह

आपल्या हॉस्टेलमध्ये 'अपग्रेड' हा शब्द मेसच्या डाळीइतका पातळ झालाय. मोबाईल अपग्रेड, लॅपटॉप अपग्रेड, बाईकचा सायलेन्सरसुद्धा अपग्रेड! जीपचा ॲक्सल मात्र या यादीत बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो. पटलं नाही तर मेसमध्ये भांडायला मी आहेच.

आमचं गाव गागोदे बुद्रुक, तालुका पेण. विनोबा भाव्यांचा जन्म इथला, १८९५ सालचा. जो माणूस भूदानासाठी वर्षानुवर्षं देशभर पायी हिंडला, त्याच्या गावच्या पोराने चाकांवर लेख लिहावा हा विनोदच म्हणा. पण विनोबांचे पाय सगळ्यांना मिळत नाहीत. आमच्या काकांकडे जुनी महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. भाताची पोती, पेणहून येणारे गणपती आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री वरच्या वाडीवरचा पेशंट, सगळं तिच्यातूनच जातं. गेल्या पावसाळ्यात चिखलाच्या चढावर तिचा मागचा शाफ्ट तुटला आणि चाक ड्रमसकट बाहेर आलं. वेग बैलगाडीचा होता, गाडीत पोती होती, म्हणून निभावलं.

आता काकांना भंगार बाजारात एक जाडजूड ॲक्सल मिळतोय. आमच्या विंगमधल्या तज्ज्ञांचं तर एकमत आहे : "घेऊन टाक, वर मोठे टायर बसव, विषय संपला." माझ्या मते विषय तिथे सुरू होतो.

पहिला प्रश्न, जुना शाफ्ट तुटला का? या जीपच्या मागच्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं. त्यावर हब चावीने बसतो आणि नटाने आवळला जातो. नट जरा ढिला राहिला की हब त्या टोकावर डुलतो आणि सगळा मार चावीच्या खाचेवर येतो. तुटलेल्या तोंडावर किनाऱ्यावरच्या लाटांच्या खुणांसारख्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. मटेरियल सायन्सच्या ओरलला आपण हेच घोकतो : अशा रेषा म्हणजे फटीग. म्हणजे शाफ्ट एका दणक्यात गेला नाही, तो कित्येक महिने थोडा थोडा तुटत होता. रोग ढिल्या नटाचा आणि औषध जाड ॲक्सलचं, हे कुठल्या पुस्तकात बसतं?

दुसरं, जाडी. गोल शाफ्टची पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. एक इंचाऐवजी सव्वा इंच घेतला तर ताकद जवळजवळ दुप्पट. ऐकायला छान! पण इंजिन आणि टायर तो जोर कुठेतरी काढणारच. शाफ्ट तुटला नाही तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस जाईल, नाहीतर ट्रान्सफर केसचे दात. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी फक्त जागा बदलते, आणि नवी जागा जास्त महागाची असते. शिवाय जाड ॲक्सलचा डिफरन्शियलचा गोळाही मोठा, म्हणजे दगडाला आधी तोच लागणार. मग मोठे टायर, मग पुन्हा जास्त ताण. हे चक्र थांबत नाही.

तिसरा मुद्दा रेशोचा. सीजे-३बी ला क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८ दात, म्हणजे ५.३८. महायुद्धातल्या विलीज एमबीला ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. दोन्ही दिसायला भावंडंच. समजा मागे ४.८८ बसवला आणि पुढे ५.३८ राहिला, तर फोर व्हील टाकल्यावर शंभर मीटरमागे दहा मीटरचा फरक पडतो. चिखलात चाकं घसरून तो सोसतात, कडक रस्त्यावर तो फरक गिअरच्या दातांवर बसतो. तपासणं सोपं आहे. दोन्ही ड्रम एकत्र एक पूर्ण फेरी फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजच्या फेऱ्या मोजा. पाचच्या किंचित आत की साडेपाचच्या जवळ, यावरून कळतं.

कोणी म्हणेल, "मग थारचा पुढचाही घे." २०१० साली आलेल्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन होतं. पाट्यांवरच्या जीपला ते तसंच लागत नाही.

तरीही कोणाला घ्यायचाच असेल तर निदान एवढं करा. तेल काढून बोटावर घ्या, चमक दिसली तर परत फिरा. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाईन सरळपट्टीला लावून बघा, पीळ पडलेला असेल तर तो संपलेला आहे. हाऊसिंगवर वेल्डिंगचे ठिगळ शोधा. ड्रमचा आकार, पाट्यांच्या बैठकीतलं अंतर, चाकाच्या बोल्टांची जागा मोजून घ्या. रंग मारलेला ॲक्सल जास्त संशयाने बघा. भंगारात रंग उगाच कोणी मारत नाही.

कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला उभं राहावंच लागतं. तिथे 'जुगाड' हा शब्द उपयोगाचा नाही.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सेमी फ्लोटिंग ॲक्सलमध्ये शाफ्टच चाकाला धरून ठेवतो, त्यामुळे शाफ्ट गेला की चाकही जाऊ शकतं. फुल फ्लोटिंगमध्ये चाक हाऊसिंगच्या टोकावर स्वतःच्या बेअरिंगांवर उभं असतं, शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. गंमत म्हणजे युद्धातल्या विलीज एमबीचा मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंगच होता. तेव्हा बदल करायचाच असेल तर या कारणासाठी करा, योग्य रेशोचा शोधा आणि तो रीतसर नोंदवता येईल का ते आधी विचारा. टायर मोठे दिसावेत म्हणून करू नका.

काकांचं बजेट म्हणजे भात विकून उरलेले पैसे. माझा सल्ला असा : आहे त्याच हाऊसिंगमध्ये दोन्ही बाजूंचे शाफ्ट नवे, बेअरिंग-सील नवे, हबचा नट टॉर्क रेंचने आवळून कॉटर पिन, आणि दर पावसाळ्याआधी पुन्हा तपासणी. उरलेले पैसे ब्रेकवर. काका म्हणतात, "इंजिनिअर झालास, आणि सांगतोस काय तर नट आवळा!" विंगमधल्यांचंही तेच म्हणणं. पण त्या जीपमध्ये मागे कोणाची तरी बाळंतीण बसलेली असते. तिला ॲक्सलच्या जाडीशी देणंघेणं नाही, चाक जागेवर राहिलं म्हणजे झालं.