आडनावे वडिलांची, गाणे आयांचेही

‘विल्सन फिलिप्स’ या अमेरिकी गायिकात्रयीचा विषय निघाला की ‘नामवंत बापांच्या लेकी’ ही ओळख आधी सांगितली जाते. ती खोटी नसली, तरी अपुरी आहे. कार्नी आणि वेंडी या ‘बीच बॉईज’चे संगीतकार ब्रायन विल्सन यांच्या कन्या आणि चायना ही ‘ममाज अँड द पापाज’च्या जॉन फिलिप्स यांची, परंतु विल्सन भगिनींची आई मॅरिलिन हीदेखील ‘द हनीज’ या स्त्रियांच्या गायनगटात गात असे आणि चायनाची आई मिशेल ही तर ‘ममाज अँड द पापाज’मधल्या दोन स्त्री-स्वरांपैकी एक होती. दोन्ही संसार मोडले, मुली आयांच्या सावलीत वाढल्या, आणि तरीही गटाच्या नावात आडनावे आली ती वडिलांकडूनच.

या तिघींचे बळ ‘हार्मनी’त आहे. समूहगानात सारे गळे एकच चाल एकाच स्वरात गातात. हार्मनीत मात्र प्रत्येक गळा त्याच क्षणी वेगळा स्वर धरतो आणि त्या स्वरांच्या एकत्र उमटण्यातून ‘कॉर्ड’, म्हणजे स्वरांचा जुडगा, सिद्ध होतो. तिघींतली एक जरी किंचित चढली, तरी सगळा जुडगा विस्कटतो; म्हणून आपला स्वर न सोडता दुसरीचा स्वर सतत ऐकत राहणे ही येथे खरी साधना ठरते. वाद्ये न वाजवणाऱ्या गायिकांना रॉकच्या समीक्षेत दुय्यम लेखले जाते, तो अन्याय या कष्टाकडे पाहिले की विशेष जाणवतो.

ग्लेन बॅलर्ड यांच्या निर्मितीखाली १९९० मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्यातील तीन गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अव्वल ठरली. त्यांपैकी ‘होल्ड ऑन’ हे त्या वर्षाच्या वार्षिक यादीतही पहिले आले. चायनाने त्याचे शब्द स्वतःच्या पडत्या काळात लिहिले होते. कडव्यात तिचा एकटीचा, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीतला आवाज येतो आणि ध्रुवपदाशी उरलेल्या दोघी तिला येऊन मिळतात. गाण्यातला धीर शब्दांइतकाच या येऊन मिळण्यात आहे.

१९९२ च्या ‘शॅडोज अँड लाइट’ या दुसऱ्या अल्बममध्ये सूर गडद झाला आणि ‘फ्लेश अँड ब्लड’ या गाण्यात विल्सन भगिनींनी दुरावलेल्या पित्यालाच साद घातली. हा अल्बमही चांगला खपला, परंतु पहिल्याची सर त्याला आली नाही. श्रोत्यांची आवड तोवर ‘निर्वाणा’सारख्या गटांच्या खरखरीत गिटारींकडे वळली होती आणि १९९३ मध्ये त्रयी पांगली. पुढे १९९७ मध्ये ‘द विल्सन्स’ या अल्बमसाठी ब्रायन मुलींसोबत ध्वनिमुद्रणाला आले, आणि २००४ मध्ये तिघी ‘कॅलिफोर्निया’ या अल्बमच्या निमित्ताने पुन्हा एकत्र आल्या.

२०१२ च्या ‘डेडिकेटेड’मध्ये त्यांनी आईवडिलांच्या गटांची गाणी गायली. ज्या गाण्यावरून त्या अल्बमला नाव मिळाले, ते १९६१ मध्ये ‘शिरेल्स’ या स्त्रियांच्याच गटाने लोकप्रिय केले होते. ‘ममाज अँड द पापाज’नी ते १९६७ मध्ये गायले, तेव्हा त्याचा आरंभ मिशेलच्या एकटीच्या आवाजाने झाला होता.