प्रश्नावलीतील रिकामी ओळ

जपानमधील कोणत्याही दवाखान्यात प्रथमच गेले, की डॉक्टरांची भेट होण्यापूर्वी हाती एक कागद येतो. त्यास येथे 'मोन्शिन्ह्यो' म्हणतात. काय दुखते, केव्हापासून दुखते, कोणती औषधे चालू आहेत आणि कुटुंबात कोणास कोणता आजार आहे, असे प्रश्न त्यावर छापलेले असतात. आपल्यापैकी बहुतेक जण कुटुंबाविषयीच्या प्रश्नापुढे काहीच न लिहिता कागद परत करतात. त्या रिकाम्या ओळीविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील, मूळच्या नागपूरच्या एका कुटुंबातील दहा महिन्यांच्या मुलीचे हातपाय अचानक सुजले. तिला स्पर्शही सहन होईना. येथील डॉक्टरांनी अत्यंत आस्थेने तपासले. रक्त झाले, क्ष-किरण झाले. हाडात जंतुसंसर्ग असावा असे समजून औषधे सुरू झाली. सूज उतरली आणि महिन्याभराने पुन्हा आली. अखेर नागपूरहून आजीने दूरध्वनीवर मुलाला विचारले, "सिकलसेल तं नाही ना रे? तुझ्या मामाच्या पोराचेही हात लहानपणी असेच सुजत होते." बापाने ते वाक्य डॉक्टरांच्या कानी घातले. हिमोग्लोबिनची निराळी तपासणी झाली आणि निदान निश्चित झाले.

या प्रकरणी डॉक्टरांना दोष देण्यास आम्ही तयार नाही. जपानी लोकांत हा आजार जवळजवळ आढळतच नाही. निदान यंत्र करते, असा आपला समज असतो. वस्तुतः निदानाचा प्रारंभ डॉक्टरांच्या मनातील शंकेपासून होतो आणि ती शंका रुग्णाच्या हकिकतीतून जन्म घेते. साध्या रक्ततपासणीत रक्त कमी आहे एवढे कळते. हिमोग्लोबिन कोणत्या जातीचे आहे, हे मुद्दाम विचारल्याशिवाय कळत नाही. जपानमध्ये १९७७ पासून नवजात बालकांच्या टाचेतून रक्त घेऊन काही जन्मजात विकार शोधले जातात, परंतु त्या यादीत सिकलसेल नाही. शिवाय पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने आजार लपून राहतो.

मुलीचे आईवडील दोघेही वाहक निघाले. वाहकास सहसा कोणताच त्रास होत नाही; कंपनीच्या वार्षिक तपासणीतून तो सहीसलामत बाहेर पडतो. (मधुमेहासाठी जी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी होते, तिचा आकडा मात्र काही पद्धतींत वाहकांच्या बाबतीत चुकू शकतो. हेही डॉक्टरांना सांगावे.) दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

मग ही गोष्ट घरात बोलली का जात नाही? मुलीचे लग्न मोडेल ही भीती आहेच. पण आणखी एक जखम आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरील निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपुरात आपल्या वाडवडिलांनी जुने नाव टाकून दिले होते. तरीही पुढील कित्येक निबंधांच्या तक्त्यांत ते नाव या आजाराच्या शेजारी छापले जात राहिले. त्यामुळे 'हा आपल्या लोकांचा रोग' हे शब्द शिवीसारखे कानी पडले आणि आपण गप्प बसलो. वास्तविक हा गुण जातीने दिलेला नाही, हिवतापाने दिलेला आहे. जेथे हिवतापाचे थैमान होते तेथे वाहक अधिक जगले. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे आणि विदर्भातील अनेक समाजांत आहे.

मौनाची रीत जपानलाही परकी नाही. सम्राट शोवा ७ जानेवारी १९८९ रोजी निवर्तले, तेव्हाच त्यांना कर्करोग होता हे अधिकृतपणे जाहीर झाले. त्या काळी येथे कर्करोगाचे निदान रुग्णास न सांगता नातेवाइकांस सांगत. ती रीत आता बरीचशी मोडली आहे. येथे डॉक्टर रुग्णापासून लपवीत. आपल्याकडे रुग्णच डॉक्टरांपासून लपवितो. आम्हांस दुसरा प्रकार अधिक घातक वाटतो.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. निशी-कासाईत किंवा योकोहामात राहणाऱ्या आपल्या तरुण जोडप्यांपर्यंत ती पोहोचणार नाही. त्यांनी स्वतःच विचारले पाहिजे. विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करीत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी ही तपासणी मागावी. आजारास जपानीत 'कामाजो सेक्केक्क्यूशो' म्हणतात. 'कामा' म्हणजे विळा.

ती मुलगी आता शाळेत जाते. पाण्याची बाटली तिच्या दप्तरात नेहमी भरलेली असते आणि ताप आला की घरचे दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाहीत. गेल्या वर्षी तिच्या वडिलांनी तो जपानी शब्द एका कागदावर लिहून नागपूरहून नव्याने आलेल्या तीन कुटुंबांना दिला. दोघांनी तो घेतला. तिसरे गृहस्थ म्हणाले, "आमच्यात तसे काही नाही."