पाडलेल्या पुलाचं बिल

सांगवी फाटा, मुळेवरचा राजीव गांधी पूल, ब्रेमेन चौक, राजभवन, विद्यापीठ चौक आणि मग शिवाजीनगर. आम्हा सांगवीकरांचा पुण्यात जायचा हा रोजचा रस्ता. २०२०च्या जुलैमध्ये, लॉकडाउनमुळे रस्ते ओस असताना, विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडायला घेतला. त्याला उभं राहून जेमतेम दीड दशक झालं होतं. तो जुना झाला म्हणून नव्हे, तर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या आड आला म्हणून गेला.

पूल बांधला तेव्हा मेट्रो कुठे होती, असं कुणी म्हणेल. मान्य. पण हिंजवडीचं आयटी पार्क तेव्हा वाढत होतं, आणि औंध, बाणेर, पाषाण हे तिन्ही रस्ते गणेशखिंडीच्या एकाच रस्त्याला येऊन मिळतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. उद्या इथून रेल्वे न्यायची झाली तर खांब कुठे रोवायचे, एवढं तरी नकाशावर कुणी पेन्सिलीने लिहून ठेवायला हवं होतं.

नव्या दुमजली पुलाची औंधकडची बाजू उघडली २०२५च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे पाच वर्षं. त्या काळात राजभवनाच्या भिंतीलगत बस थांबली की थांबलीच. माझ्या शेजारी नेहमी एक परिचारिका बसायची. डबा मांडीवर, नजर घड्याळावर. ड्यूटीची वेळ टळायला लागली की कंडक्टरला सांगून मध्येच उतरायची आणि मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेकडेने भराभर चालू लागायची. पावसाळ्यात तिथे पाऊल ठेवायला कोरडी जागा नसे. तिचे ते तास कुठल्या निविदेत धरलेत?

हे फक्त आमच्याकडेच घडतं असं नाही. मुंबईत अंधेरीच्या नव्या गोखले पुलाची एक बाजू २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तर तो पूल शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळेचना. दोघांच्या उंचीत मीटरभराहून जास्त फरक! मग जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला, तेव्हा कुठे जुलैत दोन्ही जोडले गेले. आमच्याकडे चांदणी चौकाचं नवं काम २०२३च्या ऑगस्टमध्ये खुलं झालं, आणि पायी माणसाने महामार्ग ओलांडायचा कसा, हेच राहून गेलं. बॅगा घेऊन, पोरांचे हात धरून माणसं भरधाव गाड्यांमधून पळताना पाहिली की पोटात गोळा येतो. पादचारी पुलाचा विचार त्यानंतर.

माझी मागणी साधी आहे. निविदा काढण्याआधी नकाशा महिनाभर त्या चौकातच लावा, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. महापालिका, पीएमआरडीए, मेट्रो, महामार्गवाले, रेल्वे या सगळ्यांकडून लेखी घ्या की पुढच्या तीस वर्षांत इथे तुमचं काय येणार आहे. आणि तरीही पाडायची वेळ आलीच, तर बांधायला किती लागले, पाडायला किती लागले आणि नव्याने बांधायला किती लागणार, हे तिन्ही आकडे एकाच फलकावर लिहून तो त्याच चौकात उभा करा.