पुडीतला जीव

मंडळी, आज जरा उसाविषयी. जन्म खडू-फळ्यात गेला, पण आपले निम्मे नातेवाईक अंबड-घनसावंगीकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस पिकवतात. त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही.

लागवडीच्या वेळी ट्रायकोडर्मा टाकायची पद्धत आता बरीच रुळली आहे. ही स्वतः एक बुरशी. पण रोगट बुरशीला विळखा घालून तिलाच खाते. वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली हे दाखवून दिले. काट्याने काटा काढावा, तसा हा प्रकार! मला तो मनापासून पटतो.

खटकते ते वेगळेच. पुडीत जीव आहे, हेच आपण विसरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली महिनोन्‌महिने पडलेल्या पुडीत काय शिल्लक राहणार? कोणी ती रासायनिक बुरशीनाशकातच कालवतो. बुरशीनाशकाला आपली बुरशी आणि परकी बुरशी कशी कळावी? पाचट पेटवून द्यायचे, शेणखत घालायचे नाही, मग त्या जिवाने जगायचे कशावर? आणि शेवटी म्हणायचे, "जैविकात काही दम नाही."

दुसरे असे, की ही पुडी म्हणजे रामबाण नव्हे. चाबूक काणी मुख्यतः बेण्यातून येते आणि खोडव्यात फोफावते. तिच्यासाठी निरोगी बेणेच हवे. ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास प्रक्रिया केलेल्या मळ्यातले असेल तर उत्तम. काळा पट्टा दिसला की त्यावर पिशवी घालून अख्खे बेट उपटावे आणि जाळावे. शेजारच्या फडातले दिसेल ते बेणे उचलणे थांबले पाहिजे.

उत्तर प्रदेशाकडे पाहा. २००९ साली आलेली को ०२३८ ही जात तिथे जिकडेतिकडे पसरली आणि पुढे लाल कुजीने तिची दैना केली. आपणही को ८६०३२ वर फार विसंबून आहोत.

तेव्हा पोरांनो, पुडी परभणीच्या कृषी विद्यापीठातून घ्या किंवा दुकानातून. आधी तारीख वाचा, सावलीत ठेवा, ओलसर शेणखतात मिसळून द्या. विरजण जसे जपता, तसेच हेही जपा. शेजारच्या फडाची काळजीही आपलीच समजा. बुरशीला बांध कळत नाही.